वंशावळीतला कोरा रकाना

(१)

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या दलित माणसाला दोन तारखा तोंडपाठ असतात. पहिली १० ऑगस्ट १९५०. या तारखेपूर्वी आपला बाप, आजा किंवा पणजा कोठे राहत होता आणि त्याची जात काय लिहिली गेली होती, हे कागदाने दाखविल्यावाचून अनुसूचित जातीचा दाखला पक्का होत नाही. दुसरी तारीख १ जानेवारी १९९५. ती पुढे १ जानेवारी २००० झाली. या तारखेपूर्वी आपली झोपडी येथे उभी होती हे दाखविल्यावाचून पुनर्वसनातले विनामूल्य घर मिळत नाही. घाटकोपरला जन्मलेल्या मुलीला दुसऱ्या तारखेसाठी मतदारयादी शोधावी लागते आणि पहिल्या तारखेसाठी कधी न पाहिलेल्या गावी जावे लागते. कारण १९५० साली तिचे घराणे गावी होते. मुलुंड आणि बोरिवली तर त्या वेळी मुंबई महापालिकेच्या हद्दीतही नव्हती. ती १९५७ साली आली.

तेव्हा इतिहाससंशोधनाशी आमचा पहिला संबंध ग्रंथालयात येत नाही, तो कचेरीच्या पायरीवर येतो. २००० साली विधिमंडळाने केलेल्या जातप्रमाणपत्राच्या कायद्याने आपली जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावरच टाकला आहे. अर्जासोबत वंशावळ शपथेवर लिहून द्यावी लागते. पणजा, आजा, बाप आणि शेवटी अर्जदार. ज्या समाजाला हजारो वर्षे कुळ नव्हते असे सांगितले गेले, त्या समाजातील प्रत्येक शिकणाऱ्या मुलाकडून आज कुळाचा पुरावा मागितला जातो.

गेली काही वर्षे तर सारा महाराष्ट्रच पूर्वज शोधू लागला आहे. २०२३ सालच्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उघडली गेली. शाळांची रजिस्टरे, गावनमुने, जन्ममृत्यूची पुस्तके बाहेर निघाली. मोडी वाचणाऱ्यांना चांगले दिवस आले. लाखो नोंदी सापडल्याचे शासनाने जाहीर केले. त्या शोधाच्या राजकारणात मला येथे शिरावयाचे नाही. परंतु एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. तेथे एखादा शब्द पूर्वजाच्या नावापुढे सापडावा म्हणून शोध चालला आहे. आमच्या बाबतीत तो शब्द कधी हरवलाच नव्हता. जेथे जेथे आमचा पूर्वज लिहिला गेला तेथे तेथे तो शब्द ठळक अक्षरांत आहे. हरवला आहे तो माणूस.

हा माणूस दप्तरात कसा हरवतो, आणि आमच्या साहित्याने त्याला कितपत शोधले, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

(२)

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या स्वतःच्या पडताळणीच्या वेळी वडिलांसोबत खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. तीन कागद हाती लागले. त्या वेळी कागद मिळाला याचाच आनंद इतका मोठा होता, की तो वाचण्याचे कारण उरले नाही. पुढे महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो. कविता कशी वाचावी, ती कोण बोलतो आहे, कोणाशी बोलतो आहे, काय गाळतो आहे, हे मुलांना सांगू लागलो. मग एके दिवशी वाटले, हेच प्रश्न त्या तीन कागदांना का विचारू नयेत?

पहिला कागद आजोबांच्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा उतारा. नाव, बापाचे नाव, जात 'हिंदू महार', जन्मतारीख १ जून, शाळा सोडण्याचे कारण 'सतत गैरहजर'. १ जून ही आजोबांची जन्मतारीख नव्हे, ती हेडमास्तरांच्या सोयीची तारीख आहे. ज्यांच्या जन्माची नोंद घरी नाही अशा अर्ध्या महाराष्ट्राचा जन्म हेडमास्तरांनी त्याच दिवशी करून टाकला आहे. पण खरा वाचण्यासारखा शब्द 'सतत गैरहजर' हा आहे. व्याकरणाने पाहता या वाक्याचा कर्ता मुलगा आहे. दोषही त्याचाच आहे. बाप सरकारी कामाने परगावी धाडला गेला म्हणजे वाड्यावर राबायला पोर जाई, हे त्या रकान्यात मावत नाही. वर्गाबाहेर बसविलेला मुलगा हजर धरावयाचा की गैरहजर, याचाही निर्णय रजिस्टर देत नाही.

दुसरा कागद वतनाच्या जमिनीचा. तेथे माझ्या पणजोबाचे नाव नाही. तेथे 'महार समस्त' एवढेच आहे. समस्त म्हणजे सारे. आणि साऱ्यांत कोणीच नाही. १८७४ च्या वतन कायद्याने महाराला गावचा वंशपरंपरेचा चाकर ठरविले होते. चाकरी वंशपरंपरेची, परंतु त्या परंपरेतल्या माणसांची नावे लिहिण्याची गरज नाही, असा हा न्याय. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात याच कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते या 'समस्त'मधून एकेक माणूस बाहेर काढण्यासाठीच होते असे म्हणावयास हरकत नाही. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. तोवर माझे पणजोबा 'समस्त'मध्येच मरून गेले होते.

तिसरा कागद त्यांच्या मरणाचा. गावनमुना चौदा. नाव, बापाचे नाव, जात, वय अंदाजे पन्नास, कारण 'ताप', साल १९४४. एका माणसाच्या साऱ्या आयुष्याची ही एकच ओळ, आणि तीही तो गेल्यानंतरची. १० ऑगस्ट १९५० पूर्वीची असल्यामुळे हीच ओळ माझ्या पडताळणीत उपयोगी पडली. पणजोबांच्या मरणावर मी शिकलो, असे म्हटले तर ते शब्दशः खरे आहे.

या तिसऱ्या कागदात एक गोष्ट दडलेली आहे. गावात कोणी मेले म्हणजे त्याची खबर पाटलाकडे पोचवायची, सोयऱ्याधायऱ्यांच्या गावी सांगावा घेऊन पायी जायचे, हे काम महाराचे. म्हणजे त्या पुस्तकातल्या कित्येक ओळींची माहिती माझ्या पणजोबांच्याच तोंडून आली असेल. साऱ्या गावाच्या मरणाची बातमी देणारा तो माणूस त्याच पुस्तकात 'ताप' या दोन अक्षरांत संपला.

आणखी एक. गावच्या शिवेचा तंटा पडला म्हणजे महाराची साक्ष मानली जाई. शीव कोणत्या ओढ्याने जाते, कोणत्या दगडाला वळते, हे त्याने चालून दाखवावे आणि दोन्ही गावांनी ते मान्य करावे, अशी रीत होती. मिशनरी अलेक्झांडर रॉबर्टसन यांच्या १९३८ सालच्या महारांवरील ग्रंथातच नव्हे, तर गावोगावच्या आठवणींतही तिचे उल्लेख आहेत. दुसऱ्यांच्या जमिनीची हद्द ठरवायची तेव्हा महाराचे तोंडी बोलणे हाच दस्तऐवज होता. आज त्याच्याच पणतवाने आपला पणजोबा कोण हे तोंडी सांगितले तर ते चालत नाही. कागद आणा म्हणतात. शब्द तोच, तोंडही तेच. केवळ लाभ कोणाचा हे बदलले म्हणजे पुराव्याचे शास्त्र बदलते. दलित साहित्याच्या समीक्षेने ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावयास हवी. कारण आमच्या लेखनावर जो एक आक्षेप वर्षानुवर्षे घेतला गेला, तो यातूनच निघाला आहे.

(३)

आक्षेप असा, की दलित स्वकथने हा सामाजिक दस्तऐवज आहे, ते साहित्य नव्हे. आमच्या बाजूने त्याला दिली गेलेली उत्तरे बहुधा दुसऱ्या टोकाची असतात. ते साहित्यच आहे, त्यात कलात्मकताही आहे, असे आपण पटवीत बसतो. मला वाटते, आपण आधी दस्तऐवज म्हणजे काय हे विचारावयास हवे होते. दस्तऐवज हाही एक लेखनप्रकार आहे. त्याला लेखक असतो, त्याचा हेतू असतो, त्याची ठरलेली भाषा असते, आणि त्याला दिसत नाहीत अशी माणसे असतात. प्रस्थापित घराण्यांनी विसाव्या शतकात कुलवृत्तान्त छापले. मूळ पुरुषापासून शाखा, उपशाखा, कोण कोठे मामलेदार होता, कोणी कोणते देऊळ बांधले. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या आहेत. ज्या नाशकात इतरांचे पूर्वज वहीत लिहिले जात होते, त्याच नाशकात २ मार्च १९३० पासून आमचे आजे-पणजे काळाराम मंदिराच्या बंद दाराबाहेर उभे होते. वही दाराच्या आतल्यांची. मग आमच्या पूर्वजांची वही कोठे आहे?

साताऱ्याला आहे, तिचे एक पान. आज जे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखले जाते त्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टर क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. शाळेने ते पान जपून ठेवले आहे आणि लोक ते पाहावयास जातात. जावयासच हवे. पण पाहून झाल्यावर ते वाचावयासही हवे.

या घराण्याचे कुळाचे नाव सकपाळ. वडील रामजी मालोजी सकपाळ, सैन्यातले सुभेदार. गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. रजिस्टरात सकपाळ नाही आणि आंबडवेकरही नाही, आंबेडकर आहे. हा बदल कोणी व कसा केला याविषयी हकिकती वेगवेगळ्या सांगतात. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की आज जगभर पोचलेले हे नाव वंशावळीने दिलेले नाही. ते शाळेच्या रजिस्टराने दिले. पुढे त्या मुलाने जे केले त्यामुळे त्या ओळीला अर्थ आला. त्याच पानावरच्या आणि त्याच काळातल्या गावोगावच्या पानांवरच्या इतर हजारो ओळी तशाच आहेत. माझ्या आजोबांची 'सतत गैरहजर' ही ओळही त्यांतलीच. एका ओळीपुढे आपण नतमस्तक होतो आणि दुसरी झेरॉक्स काढून अर्जाला जोडतो. दोन्ही ओळी एकाच व्यवस्थेने, एकाच रकान्यात, एकाच शाईने लिहिल्या आहेत, हे त्या झेरॉक्सच्या घाईत आपण विसरतो.

(४)

आता स्वकथनांकडे वळू. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्याची मांडणीच अशी आहे, की लेखक झालेला दया पवार आणि दगडू मारुती पवार समोरासमोर बसून बोलतात. दगडू मारुती पवार हा रजिस्टरातला माणूस आहे. पूर्ण नाव, बापाचे नाव, आडनाव, ज्या क्रमाने मास्तर हजेरी घेतो त्याच क्रमाने. रजिस्टरातल्या माणसाला तोंड फुटले तर तो काय बोलेल, याचा तो पहिला मोठा प्रयोग होता. दगडूला शब्द मिळाले म्हणून 'बलुतं' हा दस्तऐवज दप्तराच्या दस्तऐवजाच्या नेमका उलट ठरतो.

शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये (१९८१) पुस्तकाच्या नावातच बापाची चाकरी आहे. आटपाडीच्या तराळाचा मुलगा विद्यापीठाचा कुलगुरू होतो. 'समस्त'मधून एक तराळ बाहेर काढून त्याला चेहरा देण्याचे काम त्या पुस्तकाने केले.

परंतु या विषयाच्या मुळाशी सर्वांत जवळ जाते ते शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४). त्यात शाळेचे रजिस्टर हे जवळजवळ एक पात्रच आहे. बापाचे नाव काय, या साध्या प्रश्नाला मुलाकडे सरळ उत्तर नाही. आई अस्पृश्य, जन्मदाता सवर्ण पाटील, वाढविणारा आजा मुसलमान. नावापुढे कोणाचे नाव लावायचे, जात कोणती लिहायची, सवलतीच्या कागदावर कोण सही करणार? वंशावळीचा तक्ता हा बापाकडून बापाकडे चढत जातो, आणि 'अक्करमाशी'ने दाखवून दिले की आमच्या वस्त्यांत तो तक्ता पाटलाच्या वाड्याशी येऊन अडतो. ज्याने जन्म दिला त्याचे नाव लिहिता येत नाही, जिने वाढविले तिचे नाव लिहायला जागा नाही. लिंबाळ्यांनी आपले वैयक्तिक दुःख मांडले असे पुष्कळांनी म्हटले. मला ते पुस्तक वंशावळ या लेखनप्रकारावरची आजवरची सर्वांत कठोर टीका वाटते. पडताळणीचे नियम करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचले पाहिजे. कारण नियमाला हवे असतात ते पितृपक्षाचे रक्ताचे नातेवाईक.

लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) आणखी एक दप्तर भेटते, पोलिसांचे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांची नावे नोंदली गेली त्यांना ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या यादीतून मुक्त केले गेले. शाळेच्या रजिस्टरात ज्यांचे आजे नव्हते त्यांचे आजे हजेरीच्या रजिस्टरात होते. तेथे मात्र गैरहजर राहण्याची सोय नव्हती.

एवढे श्रेय दिल्यानंतर एक तक्रारही नोंदविली पाहिजे, आणि ती आपणा सर्वांविरुद्ध आहे. आमच्या स्वकथनांत आणि त्याहून अधिक आमच्या समीक्षेत आजा-पणजा येतो तो बहुधा नाकारण्यासाठी येतो. जोहार घालणारा, शिळ्या भाकरीसाठी दारोदार फिरणारा, मेलेले ढोर ओढणारा. 'आम्ही तसे राहणार नाही' हे सांगण्यासाठी तो लागतो. नकार हा दलित साहित्याचा प्राण आहे, हे मी जाणतो. पण नकार व्यवस्थेला द्यावयाचा होता. घाईघाईत तो आजोबांनाही दिला गेला. दप्तराने त्यांना चाकर म्हणून लिहिले, आणि आपण ते दप्तर खरे मानून त्यांना लाचार म्हणून लिहिले. दप्तराचा लेखक कोण, हे विचारावयाचे राहूनच गेले.

विसाव्या शतकाच्या आरंभी शिवराम जानबा कांबळे यांनी सासवड येथे ५१ गावच्या महारांची सभा भरविली आणि सरकारी नोकरी, सैन्यभरती व शिक्षण यांसाठी सरकारकडे अर्ज केला. त्यावर १५८८ महारांच्या सह्या होत्या असे नमूद आहे. १९१० साली त्यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. त्याआधी गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली 'विटाळविध्वंसन' लिहिले होते. सासवडच्या अर्जावरच्या त्या १५८८ माणसांची नातवंडे-पतवंडे आज कोठे आहेत? पुण्यात, मुंबईत, आणि निश्चितच घाटकोपर-मुलुंडच्या चाळींत. त्यांतल्या कितीजणांना ठाऊक आहे की आपला पणजा त्या अर्जात होता? वतनाच्या कागदात जो 'समस्त' होता तो अर्जाच्या कागदात नावानिशी उभा आहे. संशोधकाला कागद हवा असेल तर तो हाही आहे. पण आपण चाकरीचा कागद शोधतो, कारण कचेरी तोच मागते.

(५)

याच्या अगदी उलट एक धोका आहे, आणि तोही सांगितला पाहिजे. लाचार आजा नको म्हणून पराक्रमी आजा उभा करावयाचा. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत, त्यांतील अनेक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. आमच्या समाजाची ती खरी, दगडात कोरलेली साक्ष आहे, आणि तिचा अभिमान रास्त आहे. मात्र आजकाल प्रत्येक घराण्याचा पणजा कोरेगावी लढलेला निघू लागला आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने वंशावळीच्या निबंधात तसे लिहिले होते. 'कोणी सांगितले?' असे विचारता तो म्हणाला, 'सर, लढलाच असेल ना.' त्या मुलाला मी रागावलो नाही. त्याला पणजोबा हवा होता, आणि ताप येऊन मेलेला पणजोबा त्याला पुरेसा वाटत नव्हता.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. रविवारी आमच्या वस्त्यांतली माणसे मुलाबाळांसह तेथे जातात, वंदना घेतात. तेथील ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. कल्याणचा सोनार, कल्याणचा लोहार, सोपाऱ्याचे आणि नाशिकचे व्यापारी. कोणी पाण्याची पोढी खोदविली, कोणी वाट बांधली. दानाच्या पुण्यात बायको, मुले, आई यांनाही सामील करून घेतलेले आढळते. काही दाने भिक्खुणींची आहेत, त्यांच्या स्वतःच्या नावाने. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईचे नाव दगडात आहे आणि शंभर वर्षांपूर्वीच्या माझ्या पणजीचे नाव कोठेच नाही, हे तेथे उभे राहिल्यावर फार जाणवते. मग मनाला वाटू लागते, हीच आपली माणसे, हाच आपला कुलवृत्तान्त.

त्या मोहाला येथेच आवरले पाहिजे. अस्पृश्य हे मूळचे बौद्ध, हा सिद्धान्त बाबासाहेबांनी १९४८ सालच्या आपल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात मांडला. तो मांडताना प्रस्तावनेत त्यांनी पुराव्यातील तुटलेल्या दुव्यांचा प्रश्न स्वतःच उपस्थित केला. दुवे सापडत नाहीत म्हणून इतिहासकाराने हात जोडून बसावे काय? त्यांचे म्हणणे असे, की अशा वेळी कल्पनाशक्ती आणि अंतर्दृष्टी वापरण्याचा अधिकार त्याला आहे. मात्र आपण मांडतो ते गृहीतक आहे हे त्याने लपवू नये. ही शिस्त आम्ही त्यांच्याकडून घ्यावयाची आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला आम्ही बौद्ध झालो तो वंशाच्या पुराव्यावर नव्हे, स्वतःच्या निर्णयाने झालो. कान्हेरीच्या दात्यांशी आमचे नाते धम्माचे आहे. रक्ताचे नाते जोडून आम्ही पुन्हा कुलवृत्तान्ताच्याच सापळ्यात पाय टाकू. मोठे कुळ असणे ही माणसाची किंमत, हेच तर नाकारावयाचे होते.

तेव्हा ताप येऊन मेलेला पणजोबाच खरा, आणि तोच आपल्याला पुरला पाहिजे. तो पुरण्यासाठी त्याला मोठे करण्याची गरज नाही. त्याच्यावरचा कागद नीट वाचण्याची गरज आहे.

(६)

शेवटी कोऱ्या रकान्याविषयी. वंशावळीच्या तक्त्यात बायका नसतात. माझ्या शपथपत्रात नव्हत्या. वर्गातल्या मुलांना मी वंशावळ लिहावयास सांगतो तेव्हा पणजोबाचे नाव पुष्कळांना आणता येते; पणजीचे नाव क्वचित कोणी आणतो. मुलांना ती 'म्हातारी' म्हणून माहीत असते, किंवा 'अमक्या गावची'.

म्हणून मला स्त्रियांच्या लेखनाचे मोल या प्रश्नापुरते तरी अधिक वाटते. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून लिहिले. ते १९८६ साली पुस्तकरूपाने आले. त्यात 'मी'पेक्षा 'आम्ही' अधिक आहे, म्हणून काही समीक्षकांना ते आत्मकथन म्हणून विस्कळीत वाटले. पण हा 'आम्ही' दप्तरातल्या 'समस्त'सारखा नाही. 'समस्त'मध्ये माणसे बुडतात. येथे बाळंतीण दिसते, सासुरवाशीण दिसते, अंगात आलेली बाई दिसते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथासाठी चळवळीतल्या बायांना गाठून त्यांच्याकडून त्यांच्या आयुष्याची हकिकत काढून घेतली. कागद नाही म्हणून त्या थांबल्या नाहीत, माणसाकडे गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत, आणि गाणारीचे नाव व गाव टिपलेले आहे. दळताना बाई आपले माहेर, आपला भाऊ, आपली आई यांची नावे घेते. आमच्या बायकांची वंशावळ जात्यावर होती. पिठाची गिरणी आली तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही, की दळण्याचे कष्ट गेले त्यासोबत एक दप्तरही गेले.

मागच्या वर्षी मुलुंडला वडिलांच्या आत्याकडे गेलो होतो. नव्वदीच्या घरात आहे. तिला म्हटले, 'आजी, तुझ्या आईचं नाव काय गं?' बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, 'सासरचं सांगू का म्हायेरचं?' लग्नात नाव बदलले होते, हे मला त्या दिवशी कळले. तिने दोन्ही नावे सांगितली. पणजोबा तापाने गेले तेव्हा पणजीच्या पदरात चार लेकरे होती. वतनाचे काम थोरल्या पोरावर, म्हणजे माझ्या आजोबांवर, पडेल म्हणून तिने त्याला गावच्या एका माणसासोबत रातोरात मुंबईला धाडले. 'आईनंच म्हटलं, जा. हितं ऱ्हायलास तर तुज्या बापावाणी खबरी पोचवत मरशील.' आजी हे इतक्या सहजपणे बोलली, की जणू कालची गोष्ट.

आमचे घराणे मुंबईला कसे आले याचे उत्तर माझ्या तीन कागदांत नव्हते. शाळेतून 'सतत गैरहजर' राहिलेला मुलगा पुढे गावातूनच का नाहीसा झाला, याचा विचार कोणत्याही रजिस्टराला करण्याचे कारण नव्हते. वतन सोडण्याचा आमच्या घरातला पहिला निर्णय एका विधवा बाईने घेतला, कायदा होण्याच्या चौदा वर्षे आधी. मी ज्या नकाराविषयी व्याख्याने देतो तो नकार तिने भाषण न करता दिला होता.

या हकिकतीला कागदाचा पुरावा नाही. कोणत्याही समितीपुढे ती टिकणार नाही. परंतु साहित्याच्या समीक्षेने समितीचे नियम का म्हणून मानावेत? एके काळी महाराच्या तोंडच्या शब्दावर गावच्या शिवा ठरल्या. आजीच्या शब्दावर मी माझा पणजोबा आणि माझी पणजी ठरवितो. मात्र ऐकले ते ऐकले म्हणून आणि वाचले ते वाचले म्हणून वेगवेगळे लिहावे, एवढे पथ्य पाळावे.

आमच्या उपनगरांतल्या वस्त्यांत अशा नव्वदीच्या आज्या अजून आहेत, पण त्या फार दिवस असणार नाहीत. प्रत्येक शिकलेल्या मुलाने शपथपत्रासाठी जो तक्ता केला असेल त्याची एक प्रत घरी आणावी, आणि बापांच्या नावांशेजारी आयांची नावे, माहेरच्या गावांसह, विचारून विचारून लिहावीत. कचेरीला ती लागत नाहीत. मी आमच्या घरच्या वहीत पणजीची दोन्ही नावे लिहिली आहेत, आणि तिच्या आईचे नाव आजीला आठवले नाही म्हणून तेथे रिकामी जागा सोडली आहे.